आधी वासराला चीक, मग खरवस
गाय-म्हशीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोचत नाहीत. वासराला, रेडकाला पहिले संरक्षण मिळते ते चिकातूनच. ही द्रव्ये शोषून घेण्याची आतड्यांची ताकद तासागणिक घटते आणि 24 तासांत जवळजवळ संपते. म्हणून जार पडण्याची वाट पाहत बसू नये. पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजावा. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे 25 किलोच्या वासराला अडीच लिटर, दोन-तीन वेळा विभागून. शेजारीपाजारी खरवस वाटण्याची रीत छानच, पण वासराचे पोट भरल्यावर. रेडकांची आबाळ अधिक होते, नर रेडकांची तर फारच. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. जंताचे पहिले औषध दहाव्या दिवसाच्या सुमारास, पशुवैद्यकांना विचारून.