वायर लावली, वायफायही चालू… मग वेग दुप्पट?

घरच्या कॉम्प्युटरला लॅन केबल लावलेली आणि वायफायही चालू. दोन्हींची बेरीज होते का? नाही. कॉम्प्युटर दोन्ही जोडण्या जिवंत ठेवतो, पण इंटरनेटवर जायला त्यातली एकच निवडतो. विंडोज प्रत्येक जोडणीला 'मेट्रिक' नावाचा आकडा देतं आणि ज्याचा आकडा लहान, त्याचा पहिला नंबर. हा मान बहुतेक वेळा वायरला मिळतो. मॅकवर हा क्रम आपणही ठरवू शकतो.

बेरीज न होण्याचं कारण पत्त्यात आहे. वायरचा आयपी पत्ता वेगळा, वायफायचा वेगळा, आणि सुरू झालेलं डाउनलोड त्यातल्या एकाच पत्त्याला बांधलेलं असतं. शिवाय दोन्ही जोडण्या एकाच राऊटरला जात असतील, तर प्लॅनपेक्षा जास्त वेग येणार कुठून? एकच संवाद दोन वाटांनी नेणारं 'मल्टिपाथ टीसीपी' नावाचं तंत्र आहे. ॲपलने २०१३मध्ये ते 'सिरी'साठी वापरलं. पण त्यासाठी पलीकडच्या सर्व्हरलाही ते यावं लागतं.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट इतिहासात आहे: वायर बिनतारीकडून शिकली! १९७१मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरच्या लोकांना विद्यापीठाच्या संगणकाशी रेडिओने जोडणारं जाळं सुरू केलं. त्या 'अलोहानेट'चा अभ्यास करून रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेटचं, म्हणजे आपल्या लॅन केबलमागच्या तंत्राचं, टिपण लिहिलं. त्या पहिल्या इथरनेटचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. वायफायचं पहिलं मानक आलं १९९७मध्ये, आणि त्याचा कमाल वेग होता २ मेगाबिट. म्हणजे दोन तपं उलटूनही शिष्य पुढेच!

तरी वायर नेहमी जिंकेलच असं नाही. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली तरी नेट बऱ्याचदा चालू राहतं, फक्त वेग १००वर येतो. मग वेगवान वायफाय विंडोजच्या यादीत वायरच्या पुढे जाऊ शकतं.

मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, म्हणजे त्याचं नेट कॉम्प्युटरला दिलं, तर विंडोजला तो वायरचंच नेटवर्क वाटतो. घरचं वायफाय चालू असतानाही मोबाइलचा डेटा संपू लागला, तर आधी हे तपासा.

दोन्हींचा माझ्या मते सर्वांत उत्तम उपयोग म्हणजे वायरने नेट घ्यायचं आणि कॉम्प्युटरच्या वायफायवरून ते वाटायचं. विंडोजमधला 'मोबाइल हॉटस्पॉट' सुरू केला, की जाड भिंतीमुळे राऊटरची रेंज न पोचणाऱ्या खोलीतही फोनला नेट मिळतं.

दुसरा उपयोग आधाराचा. वायर राऊटरला, वायफाय मोबाइलच्या हॉटस्पॉटला. वीज जाऊन राऊटर बंद पडला, की बॅटरीवर चालणारा लॅपटॉप आपोआप हॉटस्पॉटकडे वळतो. मीटिंग क्षणभर अडखळते, इतकंच. पण राऊटर इन्व्हर्टरवर चालू असेल आणि फायबर बाहेर रस्त्यावर तुटली असेल, तर कॉम्प्युटरच्या लेखी वायर ठणठणीत असते आणि तो तिलाच धरून बसतो. अशा वेळी वायर हातानेच काढावी लागते.