सैनिक कुटुंबांचे आरोग्य : प्रश्न उपचारांच्या सातत्याचा

मधुमेह, उच्च रक्तदाब, थायरॉईडचे विकार, आमवात, दमा यांसारखे आजार बहुधा पूर्णपणे बरे होत नाहीत. ते आयुष्यभर नियंत्रणात ठेवावे लागतात. हे नियंत्रण नियमित औषधे, ठरावीक अंतराने होणाऱ्या तपासण्या आणि रुग्णाचा पूर्वेतिहास जाणणारा डॉक्टर या तीन गोष्टींवर अवलंबून असते. सैनिकी सेवेत मात्र साधारणतः दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. त्यामुळे सैनिकाच्या जोडीदाराला असा आजार जडला, तर तो प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही. तो प्रशासनाचा आणि कल्याणकारी धोरणाचाही ठरतो.

उपलब्ध व्यवस्था

सेवेत असलेल्या सैनिकाच्या पती किंवा पत्नीला आणि अन्य पात्र अवलंबितांना सशस्त्र दलांच्या रुग्णालयांत उपचार घेण्याचा हक्क आहे. या व्यवस्थेची रचना पायऱ्यापायऱ्यांची आहे. छावणीतील एमआय रूम ही पहिली पायरी, त्यानंतर लष्करी रुग्णालय, त्यावर कमांड रुग्णालय आणि अखेरीस दिल्लीतील आर्मी हॉस्पिटल (रिसर्च अँड रेफरल). दक्षिण कमांडचे रुग्णालय पुण्यात आहे, तसेच १९४८ साली स्थापन झालेले सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयही तेथेच आहे. मुंबईतील 'अश्विनी' हे नौदलाचे प्रमुख रुग्णालय होय.

हा हक्क नोंदींवर आधारलेला आहे. विवाहाची नोंद सैनिकाच्या सेवा अभिलेखात झाल्यावर आणि अवलंबितासाठीचे ओळखपत्र मिळाल्यावरच तो सहजपणे बजावता येतो. विवाहानंतर ही कागदपत्रे रखडली, तर आजार आधी आणि हक्क नंतर, अशी स्थिती निर्माण होते.

बदलीमुळे काय तुटते?

बदलीने औषध थांबतेच असे नाही. परंतु उपचारांची साखळी खंडित होऊ शकते. रक्तातील साखरेचे सुमारे तीन महिन्यांचे सरासरी चित्र दाखवणारी एचबीए१सी तपासणी मागील आकड्यांशी ताडून पाहिली तरच तिचा पूर्ण अर्थ लागतो. थायरॉईडच्या गोळीची मात्रा बदलल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्ततपासणी करावी लागते. नेमक्या याच काळात सामान बांधणे, प्रवास आणि मुलांचे शाळाप्रवेश आले, तर तपासणी राहून जाते. आमवातावरील मिथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते व त्याच्या जोडीला यकृताची आणि रक्तपेशींची नियमित तपासणी आवश्यक असते. जुनी कागदपत्रे हाती नसलेल्या नव्या डॉक्टरला हे सारे प्रारंभापासून जाणून घ्यावे लागते.

भौगोलिक परिस्थितीही कसोटी पाहते. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. गोठलेले इन्शुलिन वापरण्यायोग्य राहत नाही. राजस्थानातील उन्हाळा, हिमालयालगतचा हिवाळा आणि दोन-तीन दिवसांचा रेल्वेप्रवास या तिन्ही प्रसंगी औषध सांभाळणे हाच उपचाराचा एक भाग बनतो.

एकटेपणाचा भार

फील्ड क्षेत्रातील तैनातीत कुटुंबाला सोबत राहता येत नाही. अशा वेळी जोडीदार स्वतंत्र कुटुंब निवासस्थानात किंवा मूळ गावी राहतो. गाव लष्करी रुग्णालयापासून दूर असेल, तर हक्क असूनही उपचार गैरसोयीचे होतात. रुग्ण असलेली व्यक्तीच त्या काळात घर, मुले आणि वृद्ध यांची एकमेव आधार असते; परिणामी स्वतःची तपासणी पुढे ढकलण्याची प्रवृत्ती बळावते. सीमेवरील तणावाच्या काळात चिंता व निद्रानाश यांची भर पडते आणि मानसिक ताणामुळे साखर व रक्तदाब यांचे नियंत्रण अधिक कठीण होते.

हा प्रश्न केवळ पत्नींचा मानणे योग्य नव्हे. लष्करातील महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन देण्यासंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १७ फेब्रुवारी २०२० रोजी आला. महिलांची सेवा जसजशी दीर्घ होत जाईल, तसतसे धोरणातील 'जोडीदार' या शब्दात पतीही अधिक प्रमाणात अंतर्भूत होतील.

दुवा सांधणारे उपाय

पहिला उपाय अभिलेखांचा. निदान, औषधांची मात्रा, ॲलर्जी आणि मागील तपासण्यांचे आकडे यांचा संक्षिप्त गोषवारा बदलीपूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून घेणे आणि प्रवास व नव्या ठिकाणची नोंदणी यांना पुरेल इतका औषधसाठा सोबत ठेवणे, ही किमान पूर्वतयारी होय. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील १४ अंकी 'आभा' क्रमांकामागेही आरोग्यनोंदी रुग्णासोबत जाव्यात हेच तत्त्व आहे.

दुसरा उपाय दूरसल्ल्याचा. संरक्षण मंत्रालयाने २७ मे २०२१ रोजी सशस्त्र दलांतील व्यक्ती व त्यांच्या कुटुंबांसाठी 'सेहत' ही दूरवैद्यकीय सल्ला सेवा सुरू केली. स्थिर आजाराच्या पाठपुराव्यासाठी अशी सेवा विशेष उपयुक्त ठरते. परंतु प्रत्यक्ष तपासणी व रक्तचाचण्या यांना ती पर्याय नाही.

तिसरा उपाय सामाजिक आधाराचा. १९६६ साली स्थापन झालेल्या 'आवा' या सेनाकुटुंब कल्याण संस्थेसारखे जाळे नव्या छावणीत आलेल्या रुग्णाला रुग्णालयापर्यंत आणि समदुःखी कुटुंबांपर्यंत पोहोचवू शकते.

निवृत्तीचा टप्पा

निवृत्तीनंतर उपचारांची जबाबदारी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेकडे, म्हणजेच 'ईसीएचएस'कडे जाते. १ एप्रिल २००३ पासून लागू असलेली ही योजना पॉलिक्लिनिक व संलग्न रुग्णालये यांमार्फत निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांना आणि त्यांच्या अवलंबितांना रोखविरहित उपचार देते. सदस्यत्वाची प्रक्रिया निवृत्तीपूर्वीच सुरू केल्यास या संक्रमणकाळात उपचारांत खंड पडत नाही.

सैनिकाची बदली ही राष्ट्रीय सुरक्षेची गरज आहे. ती टाळता येणार नाही. टाळता येण्याजोगा आहे तो बदलीबरोबर उपचारांत पडणारा खंड. हक्काची तरतूद देशाने केली आहे. रुग्णाची माहिती रुग्णाच्या आधी नव्या रुग्णालयात पोहोचेल, तेव्हाच हा हक्क खऱ्या अर्थाने बदलीसोबत प्रवास करू लागेल.