जुन्या जीपच्या जागी

तुर्भ्याला आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून एक जीप उभी असते. एमएम ५४०, सन १९९६, नंबर एमएच ०६ म्हणजे रायगड जिल्ह्याचा. थोरले भाई तेव्हा कुवेतला होते. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून अब्बांनी ती घेतली. अब्बा गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि महाड तालुक्यातली ही लाल मातीची गाडी मसाला मार्केटच्या ट्रकांच्या गर्दीत राहू लागली. मी मार्केटातल्या एका पेढीवर हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात कविता. दोन्ही कामांना जीप लागत नाही. तरीही ती विकावी असं कधी मनात आलं नाही.

तिच्या नोंदणीची मुदत २०२६ सालापर्यंतची. २०११, २०१६ आणि २०२१ असं तीनदा नूतनीकरण झालं. चौथी वेळ जवळ आली तेव्हा घरात प्रश्न निघाला, की आता हिच्या जागी काय आणायचं? वाटलं तितकं हे सोपं नव्हतं. या शोधात जे शिकलो ते आज सांगतो. ज्यांच्या दारात अशी एखादी म्हातारी गाडी उभी आहे, त्यांना ते उपयोगी पडेल.

आधी तिचं ऋण सांगायला हवं. २००५ सालच्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या. रस्ते चिखलाखाली गेले होते. त्या आठवड्यात आमच्या जीपनं तांदळाची पोती वाहिली, कंदील वाहिले, जखमी माणसं वाहिली. एरवीही गावात कुणाला रात्री कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला, तर अब्बांच्या दाराची कडी वाजायची. ती कुणाच्या घरची माणसं आहेत हे अब्बांनी कधी विचारलं नाही. गावात तिला कुणी आमची जीप म्हणत नसे, नुसतं ‘जीप’ म्हणत.

हा शब्दही आपल्याकडे मोठा रुळला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज कंपनीनं ही गाडी बनवली आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला तिची जुळणी होऊ लागली. जुळणी करणाऱ्या कंपनीचं १९४५ सालचं मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. अब्बा हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि शेवटी बॉनेटवर थाप मारून म्हणत, “मोहम्मद गेले, पण जीप इथंच राहिली.” पुढं पश्चिम महाराष्ट्रातली वडापं आणि मराठवाड्यातल्या काळ्या-पिवळ्या याच कुळातल्या गाड्यांवर चालल्या.

तर पहिला प्रश्न असा, की गाडी खरंच संपली आहे का? तुर्भे नाक्याजवळ आमचे एक मेस्त्री आहेत. वयानं माझ्याहून लहान, मला चाचा म्हणतात. त्यांनी जीप खड्ड्यावर घेतली, खाली उतरले आणि हातोडीनं चॅसी ठोकत पुढून मागे गेले. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. मागच्या पाट्यांच्या जोडापाशी मात्र तो बद्द आला आणि पापुद्रे खाली पडले.

“चाचा, इंजिन अजून दहा वर्षं चालेल,” ते म्हणाले, “पण ते बसवायचं कशावर?”

ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. धूर, गळती, घसरणारा क्लच, थकलेलं इंजिन या सगळ्यांवर इलाज असतो. शिडीसारख्या दोन लांब तुळयांवर सबंध गाडी उभी असते, ती चॅसी. ती आतून कुजली की जोड देता येतो, पण भरवसा देता येत नाही. आमच्या जीपला खाडीची खारी हवा भोवली.

कायद्याबद्दलही गैरसमज फार आहेत. जुन्या डिझेल गाड्यांबाबतचे दहा वर्षांचे न्यायालयीन आदेश निघाले ते दिल्ली परिसरासाठी. आपल्याकडे खासगी मोटारीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून घ्यावी लागते आणि मग दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. वर महाराष्ट्रात २०१० पासून पर्यावरण कर आहे. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि त्यानंतर आणखी जुन्या गाड्यांसाठी ती वाढवली गेली. म्हणजे कायदा जुनी गाडी हिसकावून नेत नाही, ती ठेवणं महाग करत जातो. आम्हाला पैशांपेक्षा चॅसीनं थांबवलं.

आता नवी कुठली? मी जवळजवळ चुकलोच होतो. शोरूममध्ये थार दिसली आणि अब्बांची जीप तरुण होऊन उभी आहे असं वाटलं. तेच उभं नाक, तेच गोल दिवे. बयाणा द्यायला निघालो होतो. सोबत आलेल्या मेस्त्रींनी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला, “ही फोर बाय फोर आहे ना?” ती नव्हती. २०२० साली आलेल्या थारला चारही चाकांची ओढ होती. पण जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळू लागली. दिसायला दोघी सारख्याच, म्हणून नुसतं रूप पाहून घेऊ नये.

फरक काय, तो थोडक्यात सांगतो. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते. त्यातलं एक चिखलात फिरू लागलं की ताकद तिकडंच वाया जाते. जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांडीशेजारी दोन बुटक्या दांड्या असत. एकीनं पुढची चाकंही ओढू लागत. दुसरीनं ‘लो’ गिअर पडे, म्हणजे चाकं सावकाश फिरत पण त्यांचा जोर वाढे. चढावर भरल्या गाडीला हा जोर वर नेतो, आणि उतारावर ब्रेक न तापवता गाडी आवरून धरतो. मात्र अशा गाडीत कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची ओढ लावायची नसते. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि चाकांना घसरायला वाव नसला की सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो. शहरात चार चाकं लावून मिरवणारे हे विसरतात.

त्या दिवशी घरी येऊन मी हिशेबाची एक कोरी वही काढली. वर्षभरात जीप कुठं कुठं गेली, ते आठवून आणि पेट्रोलपंपाच्या पावत्या पाहून लिहून काढलं. बहुतेक फेऱ्या तुर्भे-वाशी-नेरुळ अशा, पाच-सात किलोमीटरच्या. महिन्यातून एकदा गावाला, पनवेल, पेण, कोलाड, माणगाव असं महाडपर्यंत. पुढची ओढ वर्षात अकरा वेळा लावली. त्यातल्या नऊ वेळा आमच्या घराखालच्या घाटीवर, आणि दोनदा भाच्यांना गंमत दाखवायला.

मग गावाला गेलो तेव्हा वाट पायी मोजली. जीप घेतली त्या काळी फाट्यापासून घरापर्यंत सहा किलोमीटर लाल माती होती. आता त्यातला बहुतेक रस्ता काँक्रिटचा आहे. उरली आहे ती शेवटची पाऊण किलोमीटरची जांभ्या दगडाची घाटी, आणि तिच्या पायथ्याचा पऱ्या. म्हणजे मी सहा किलोमीटरच्या आठवणीसाठी गाडी शोधत होतो आणि काम होतं पाऊण किलोमीटरचं.

पऱ्याबद्दल दोन शब्द जास्त सांगतो, कारण इथं प्रश्न जिवाचा आहे. नव्या गाड्यांच्या माहितीपत्रकात किती खोल पाण्यातून जाता येतं ते छापलेलं असतं. थारसाठी ६५० मिलिमीटर, गुरखासाठी ७०० मिलिमीटर. हा आकडा थांबलेल्या पाण्याचा समजावा. वाहत्या पाण्याला तो लागू नाही. फूटभर खोल वेगवान पाणी लहान मोटारीला ढकलू शकतं, आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या टायरवर उभ्या न राहता तरंगू लागतात. मग चार चाकांची ओढ असून उपयोग काय? चाकं जमिनीलाच टेकत नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला, त्यात एसटीच्या दोन बसगाड्या गेल्या. त्या रात्रीनंतर आमच्याकडे कुणी पाण्याशी पैज लावत नाही. पऱ्या भरला की अलीकडं गाडी लावून तो उतरेपर्यंत बसायचं. यासाठी कुठलीच गाडी विकत मिळत नाही.

वहीत रस्ते मांडून झाले. माणसं राहिली होती. ती अम्मानं मांडली. तिचं वय ऐंशीच्या पुढं. जीपमध्ये चढताना तिला दोघांनी उचलावं लागतं. मागं आडव्या बाकांवर बसायचं, पट्टे नाहीत, वळणावर लोखंडी दांडी धरायची. मी तिच्यापुढं गाड्यांची चित्रं ठेवली. तिनं पाहिली आणि विचारलं, “यातली कुठली मी कुणाला हाक न मारता उघडीन आणि बसेन?”

एवढे दिवस मी चाकांचा विचार करत होतो, दाराचा केलाच नव्हता.

मग एकेक गाडी पाहिली. तीन दारांच्या थारमध्ये मागं जायला पुढची सीट पाडून शिरावं लागतं. तिची पाच दारांची बहीण, रॉक्स, ऑगस्ट २०२४ मध्ये आली. प्रशस्त आहे, पण सव्वाचार मीटरहून लांब, आमच्या कुंपणाशी मावत नाही. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा चिखलात सगळ्यांत तगडी. तिच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना कुलूप घालता येतं, म्हणजे एक चाक अधांतरी राहिलं तरी दुसरं ओढतं. पण पायरी उंच. बोलेरो साधी, खेड्यात कुणीही दुरुस्त करील अशी, मात्र तिची ओढ मागच्या चाकांची. जुन्या जिप्सीची विक्री २०१९ पर्यंत थांबली, आणि तिच्या जागी २०२३ साली पाच दारांची जिम्नी आली. चार मीटरच्या आत, अरुंद, चारच माणसांची, पण ‘लो’ गिअर असलेली.

डिझेल की पेट्रोल, याचं उत्तरही वहीनंच दिलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकं लागू झाली. त्यानंतरच्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साठलेली काजळी जाळून साफ व्हायला गाडी बराच वेळ एका वेगानं पळावी लागते. रोज पाच किलोमीटर वाशीच्या सिग्नलांवर थांबत जाणाऱ्याची गाळणी तुंबते आणि खर्च अंगावर येतो. रोज लांब जाणाऱ्यांनी डिझेल जरूर घ्यावं. माझ्या फेऱ्या पेट्रोलच्या होत्या.

शेवटी आम्ही जिम्नी ठरवली. ही जाहिरात नव्हे. माझ्या वहीत सात माणसं असती तर उत्तर वेगळं आलं असतं, घाटी नसती तर साधी मोटार पुरली असती. घाटीवर मात्र मी आधी अट घालून गाडी नेऊन पाहिली, अम्माला पुढच्या सीटवर बसवून. तिनं दार स्वतः उघडलं आणि स्वतः लावलं. वर पोचल्यावर म्हणाली, “हिच्यात आवाज नाही. आलो ते गावाला कळणार कसं?” माझ्या मते ती मान्यताच होती.

राहिली जुनी जीप. भंगारवाल्याला नुसती देऊन टाकू नका. कागदोपत्री ती तुमच्याच नावावर राहते आणि पुढं तिचं कुणी काहीही केलं तरी विचारणा तुमच्याकडं येते. २०२१ च्या धोरणानंतर नोंदणीकृत मोडणी केंद्रं आहेत. तिथं गाडी दिली की ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या नोंदणी फीत आणि करात सवलतीची तरतूद आहे. चॅसीवरचा नंबर असलेला तुकडा कापून वेगळा काढतात, म्हणजे तो नंबर पुन्हा दुसऱ्या गाडीवर चढत नाही.

भाचा म्हणाला, रंग देऊन अंगणात शोभेला ठेवू. माझंही मन तिकडं ओढत होतं. पण कुजत्या चॅसीची गाडी अंगणात असली की कधीतरी मध्यरात्री कुणाची तरी निकड निघणार, कुणीतरी ती सुरू करणार आणि माणसं भरून घाटी उतरणार. जिनं इतकी माणसं सुखरूप पोचवली तिच्या नावावर एखादा अपघात लागावा, हे अब्बांना चाललं नसतं. म्हणून ती मोडणीलाच जाईल.

नव्या गाडीची एक किल्ली मात्र आम्ही तुर्भ्याला ठेवणार नाही. गावाकडं जाईल तेव्हा ती जिथं उभी राहील त्या दाराशी, जुन्या खिळ्यावर टांगून ठेवायची असं ठरलं आहे. कडी वाजली तर कुणी तुर्भ्याला फोन करत बसू नये.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)