‘बे’ कोणी कोणाला म्हणायचे?
तरुणाईची बोली आणि जाहिरातदारांची अडचण

गडचिरोली : येथील इंदिरा गांधी चौकात सायंकाळी पाच मिनिटे उभे राहिले, तरी ‘बे’ हे एकाक्षरी संबोधन अनेकदा कानांवर पडते. ‘काय करून रायला बे’, ‘काहून बे, काल आला नाही’ असे त्याचे नाना अवतार. मात्र नीट लक्ष दिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. तोच मुलगा पानठेल्यावरच्या वयस्क गृहस्थाशी बोलू लागला की ‘बे’ क्षणात नाहीसा होतो आणि त्याच्या जागी ‘भाऊ’ किंवा ‘काका’ येतो. अनोळखी समवयस्कालाही सहसा कोणी ‘बे’ म्हणत नाही. म्हटलेच तर तो भांडणाचा आरंभ समजावा. जवळीक दाखवणारा आणि अपमान करणारा शब्द एकच आहे. तो कोणी, कोणाला आणि कोठे उच्चारला, यावर त्याचा अर्थ ठरतो. तरुण ग्राहकाला त्याच्याच भाषेत साद घालू पाहणाऱ्या कंपन्यांचा पाय नेमका येथेच घसरतो.

तरुणांच्या बोलीचा बाजारासाठी वापर करण्याची कल्पना नवी नाही. शीतपेयांच्या कंपन्यांनी ती भारतात नव्वदच्या दशकात रुजवली. पेप्सीने हिंदीत एकच इंग्रजी शब्द मिसळून ‘ये दिल मांगे मोर’ ही घोषणा दिली आणि ती महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर पोहोचली. १९९९ च्या कारगिल युद्धात कॅप्टन विक्रम बत्रा यांनी शिखर सर केल्याचा संकेत म्हणून हेच शब्द वापरले, तेव्हा ते जाहिरातीचे उरलेच नाहीत. कोकाकोलाने २००२-०३ च्या सुमारास वेगळी वाट धरली. ढाब्यावर, टपरीवर आणि लग्नघरात लोक शीतपेयाला जे म्हणत होते, तो ‘ठंडा’ हाच शब्द कंपनीने उचलला. ‘ठंडा मतलब कोकाकोला’ लिहिणारे प्रसून जोशी, तर त्या मालिकेत मुंबईचा टपोरी, हैदराबादी, पंजाबी शेतकरी अशी रूपे घेऊन त्या त्या ढंगात बोलणारा आमिर खान. जोडीला पाच रुपयांची २०० मिलिलिटरची छोटी बाटली होती, हे विसरून चालणार नाही. केवळ भाषेने माल खपत नाही. भाषा ओळखीची आणि किंमत खिशाला झेपणारी, असे दोन्ही जुळून आले होते.

येथे कंपनीने तरुणांची नक्कल केली नव्हती. आधीच लोकांच्या तोंडी असलेला शब्द तिने ऐकला आणि त्याला आपले नाव जोडले. मराठीतील युवा जाहिरातींचे मात्र बहुतेकदा उलट होते. मजकूर मुंबई-पुण्यात लिहिला जातो आणि त्यात कोल्हापूर-साताऱ्याकडची दोन-चार फर्मास वाक्ये पेरली, की तो ‘ग्रामीण तरुणाई’साठी झाला असे मानले जाते. ‘लय भारी’, ‘नाद खुळा’, अलीकडचे ‘विषय हार्ड’ ही त्याची उदाहरणे. आलापल्लीच्या बसस्थानकावरील मुलाला हे शब्द समजतात. चित्रपटांनी आणि मोबाइलवरील चित्रफितींनी ते त्याच्यापर्यंत आणले आहेत. पण ते त्याला दूरदेशीच्या पाहुण्यासारखे वाटतात.

फरक साध्या वस्तूंपासून सुरू होतो. विदर्भात टपरी नसते, पानठेला असतो. वडापाव मिळतो, पण भूक लागल्यावर आठवतो तो आलूबोंडा. प्लास्टिकच्या पिशवीला पन्नी म्हणतात. आणि कोथिंबिरीला ‘सांबार’. त्यामुळे मसाल्याच्या पाकिटावर ‘सांबार’ वाचून येथील गृहिणीच्या मनात आधी हिरवी जुडी येते, दाक्षिणात्य आमटी नंतर.

याला दुखरी बाजूही आहे. मराठी चित्रपट आणि मालिकांत वऱ्हाडी-नागपुरी ढंगाचे बोलणे दीर्घकाळ शिपाई, नोकर किंवा वेंधळा पाहुणा यांच्या वाट्याला आले. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात गेलेला चंद्रपूरचा विद्यार्थी पहिल्या महिन्यातच ‘करून रायलो’ऐवजी ‘करतोय’ म्हणायला शिकतो, तो व्याकरणाच्या प्रेमापोटी नव्हे. अशा मुलासमोर त्याचीच बोली विनोदनिर्मितीसाठी वापरलेली जाहिरात आली, तर तो हसेल. मात्र वस्तू विकत घेईलच असे नाही. २०१६ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने करमाळा परिसरातील बोली नायक-नायिकेच्या तोंडी दिली आणि ती राज्यभर आवडली. बोलणारी माणसे तेथे गमतीची पात्रे नव्हती. पूर्व विदर्भाच्या बोलीला असा मान मोठ्या पडद्यावर अद्याप फारसा लाभलेला नाही.

शिवाय ‘पूर्व विदर्भाची बोली’ ही एक बोली नाहीच. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या पट्ट्यातील झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. पाणी ‘पानी’ आणि डोळा ‘डोरा’. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्याचा मोठा काळ वेचला. कोळसा खाणी आणि वीज केंद्रामुळे परप्रांतीय कामगार आलेल्या चंद्रपूर-बल्लारपूर भागात तरुणांच्या मराठीत हिंदी सहज मिसळते. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात तर तालुक्यागणिक कान बदलावे लागतात. सिरोंच्यात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी आणि गोंडी, मुलचेरा-चामोर्शीतील वसाहतींत बंगाली, भामरागड-एटापल्लीत माडिया. तेथील युवकासाठी प्रमाण मराठी हीच शाळेत शिकलेली दुसरी भाषा असते. त्या मराठीतला कट्ट्यावरचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी आणखी एक पायरी दूर.

एकाच शब्दाचा भार कसा बदलतो, याचे या जिल्ह्यातील उदाहरण म्हणजे ‘दादा’. उर्वरित महाराष्ट्रात हे आपुलकीचे संबोधन आहे आणि जाहिरातींत ते सर्रास येते. घरात थोरल्या भावाला येथेही दादाच म्हणतात. मात्र दक्षिण गडचिरोलीत नक्षल चळवळीने पाय रोवल्यानंतर ‘दादालोक’ हा शब्द बंदूकधाऱ्यांसाठी रूढ झाला आणि तो दबक्या आवाजात उच्चारला जाऊ लागला. फलकावर मोठ्या अक्षरांत ‘दादा’ लिहिणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असायला हवा.

मग तरुणांची नस कोणालाच सापडलेली नाही काय? सापडली आहे, पण ती व्यवस्थापनाच्या पदवीधरांना नव्हे. वडसा म्हणजेच देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळीनंतर धान कापणीचा जोर ओसरू लागला की येथील नाट्य मंडळ्या गावोगावी निघतात आणि होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. गावात मंडई असली की नाटक असायचेच. या रंगभूमीवरील कामगिरीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांत तरुणांचा भरणा मोठा असतो, आणि त्यांना थंडीत पहाटेपर्यंत बसवून ठेवणे हे कोणत्याही जाहिरातदाराने हेवा करावा असे काम आहे.

या नाटकांतील भाषेची वाटणी पाहण्यासारखी असते. नायक आणि खलनायक बहुधा भारदस्त, पुस्तकी मराठी बोलतात. विनोदी पात्र मात्र गावातल्या पोट्ट्यांच्या तोंडचे, त्याच हंगामातले शब्द फेकते. पात्र आणि प्रेक्षक एकाच मातीतले असल्याने ते टोचत नाही. हसणाऱ्याला ठाऊक असते की हा आपल्यातलाच आहे. शब्द शिळा झाला तर समोरचा तंबू लगेच गप्प होतो आणि नट दुसऱ्या गावी तो गाळतो. बाजार संशोधनाची इतकी स्वस्त आणि निर्दय पद्धत दुसरी नसावी.

मुंबईच्या कंपनीने काय करावे, याचे एक उत्तर इतर राज्यांतून मिळते. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०१३ मध्ये बिहार-झारखंडात ‘कान खजूरा तेसन’ सुरू केले. वीज आणि दूरचित्रवाणी जेथे भरवशाची नव्हती, तेथे मिस्ड कॉल दिला की परत फोन येई आणि गाणी, विनोद यांच्या मध्ये जाहिराती ऐकू येत. नावातील ‘तेसन’ हा स्टेशनचा लोकांच्या तोंडचा उच्चार होता. पैसे वाचवण्यासाठी मिस्ड कॉल देण्याची सवयही लोकांचीच होती. कंपनीने शब्दाबरोबर ती सवयही घेतली, आणि ऐकणाऱ्याला काही फुकट दिले.

गडचिरोलीत या विषयाला केवळ साबण-शीतपेयांपुरते मर्यादित ठेवता येत नाही. येथील तरुणांत सर्वाधिक ओळखीच्या वस्तूंपैकी एकीची जाहिरात कोठेही होत नाही. ती म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेले हे मिश्रण मित्राला देणे हा येथे गप्पांचा आरंभ असतो. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली. खर्रा पानठेल्यांवरून हटला नाही. ‘तंबाखू खातोस काय?’ असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारा मुलगा ‘खर्रा?’ म्हटल्यावर हसून खिशाकडे हात नेतो, हे प्रस्तुत बातमीदाराने स्वतः पाहिले आहे. तो खोटे बोलत नसतो. तंबाखू म्हणजे आजोबांच्या डबीतली, अशी त्याची समजूत असते.

म्हणून व्यसनमुक्तीचा संदेश देणाऱ्यालाही जाहिरातदाराचीच परीक्षा द्यावी लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून जिल्ह्यात दारू व तंबाखूविरोधी ‘मुक्तिपथ’ उपक्रम सुरू झाला. अशा कामात ‘तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन टाळा’ हे सरकारी वळणाचे वाक्य भिंतीवर राहते. ‘दिवसाला किती खर्रे होतात?’ या प्रश्नाला मात्र उत्तर येते, आणि एकाचा दर ठाऊक असल्याने महिन्याचा हिशेब मुलगा स्वतःच बोटांवर करतो. पण तो प्रश्न विचारणारा गावातला हवा. बाहेरच्या पाहुण्याने ‘काहून बे, किती खर्रे खाते?’ असे म्हटले, तर उत्तराऐवजी मान वळेल, आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्याचीच नक्कल चालू असेल.