खिशात मावणारा कुतुबमिनार

माळ्यावरच्या जुन्या पेटीत एखादी ऑडिओ कॅसेट अजून पडलेली असेल. ती काढा आणि तळहातावर ठेवा. वजन साधारण चाळीस ग्रॅम, एका लिंबाएवढं. साठ मिनिटांची असेल तर एक बाजू तीस मिनिटं चालते. आतली फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. तीस मिनिटं म्हणजे १,८०० सेकंद. आता गुणाकार करू. उत्तर येतं ८५.६८ मीटर!

शहाऐंशी मीटर फीत, शर्टाच्या खिशात! कुतुबमिनार साडेबहात्तर मीटर उंच आहे. ही फीत त्याच्या टोकावरून खाली सोडली तर जमिनीला टेकेल आणि वर चार मजली इमारतीएवढी उरेल. जाडी किती, तर आपल्या डोक्यावरच्या केसाच्या साधारण पाव हिश्श्याएवढी.

या फितीचं आणि डबीचं प्लास्टिक येतं खनिज तेलापासून. तेलाचं प्लास्टिक कसं होतं ते रसायनशास्त्रज्ञ जाणोत, आपण तेलाच्या दारात जाऊन उभे राहू. सौदी अरेबियाच्या ईशान्य टोकाला, कुवेतच्या सीमेला खेटून, आखाताच्या काठावर अल खफजी नावाचं शहर आहे. तिथल्या समुद्राखाली १९६० मध्ये एका जपानी कंपनीला तेल लागलं. या क्षेत्राची क्षमता दिवसाला सुमारे तीन लाख बॅरल. एका बॅरलमध्ये १५९ लिटर, म्हणजे दिवसाला पावणेपाच कोटी लिटरच्या वर! हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही ना? मग गावाकडची विहीर आठवा. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल, काठोकाठ भरली तर साडेतीन लाख लिटर. अशा १३५ विहिरी रोज. चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत खफजीच्या समुद्रातून एक अख्खी विहीर वर येऊ शकते.

एवढं तेल ज्या देशात निघतं, तिथली एक कलावंत जुन्या बाजारात फिरून लोकांनी टाकलेल्या कॅसेटी गोळा करते. महा मल्लूह त्यांचं नाव. जन्म १९५९ चा, रियाधचा. त्यांची ‘फूड फॉर थॉट’ नावाची मालिका जगभर गाजली. पाव ठेवायचे लाकडी ट्रे भिंतीवर लावायचे आणि त्यांत धार्मिक प्रवचनांच्या जुन्या कॅसेटी खेटून मांडायच्या. रंग असे जुळवायचे की लांबून बघताना अरबी शब्द उमटावेत. पोटाला पाव, मनाला प्रवचन, दोन्ही एकाच ट्रेमधून! मला ही कल्पनाच विलक्षण वाटते. असल्या कामांत हजारो कॅसेटी लागतात.

आपण साडेसतराशेच घेऊ. का? गुणून बघा. १,७५० कॅसेटी, प्रत्येकीत ८५.६८ मीटर. एकूण जवळपास दीडशे किलोमीटर. मुंबई ते पुणे, रस्त्याने! एका भिंतीवर अख्खा बोरघाट गुंडाळून ठेवलेला!

आणि आता त्या फितीच्या वेगानेच पुण्याला जाऊ या. चला, सीएसएमटीवरून निघालो. तासाला १७१ मीटर. रात्रंदिवस, न थांबता. पहिले चोवीस तास संपले, आपण कुठे? भायखळ्याला! बाराव्या दिवशी पनवेल. विसाव्या दिवशी कुठे खोपोलीचा घाट समोर. साडेछत्तिसाव्या दिवशी पुणे. डेक्कन क्वीन हेच काम साधारण सव्वातीन तासांत उरकते. तरी ही फक्त ए बाजू झाली. कॅसेट उलटा, बी बाजू लावा, फीत पुण्याहून परत मुंबईला निघते. जाऊन-येऊन ७३ दिवस अखंड आवाज. गुढीपाडव्याला पहिलं बटण दाबलं तर शेवटची कॅसेट संपेपर्यंत मृग लागायची वेळ झालेली असते.

मल्लूह यांचं दुसरं काम मला याहून जवळचं वाटतं, कारण ते स्वयंपाकघरातलं आहे. वर्षानुवर्षं चुलीवर चढून बूड काळंकुट्ट झालेली ॲल्युमिनियमची पातेली त्या गोळा करतात आणि काळी बाजू आपल्याकडे करून भिंतीवर टांगतात. नाव ‘अल मुअल्लकात’, म्हणजे टांगलेल्या. इस्लामपूर्व अरबस्तानातल्या थोर कविता काबाच्या भिंतीवर टांगल्या जात, अशी आख्यायिका आहे. त्या कवितांचंच हे नाव. इथे कवितांच्या जागी पातेली.

त्या काजळीत किती पंगती असतील? एक मोठं पातेलं धरा, दहा किलो तांदळाचं. कब्सा, म्हणजे सौदी मसालेभात, शिजला की ऐंशी माणसं जेवली. आठवड्यातून एकदाच चढलं आणि वीस वर्षं टिकलं असं समजू. हजाराहून जास्त वेळा चूल. दहा टनांवर तांदूळ, म्हणजे एक भरलेला ट्रक. आणि पानं? त्र्याऐंशी हजार! वानखेडे स्टेडियम खच्चून भरलं तरी साधारण तेहतीस हजार माणसं. म्हणजे अडीच वानखेडे जेवून उठले, एका पातेल्यावर! आणि भिंतीवर असली कितीतरी पातेली.

आता आपल्या मुंबईत या. शर्मिला सामंत यांनी १९९९ च्या सुमारास कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं जोडून एक साडी केली, ‘ए हँडमेड सारी’. मला राहवेना. अशी बुचांची नऊवारी करायची तर? सव्वाआठ मीटर लांब, एक मीटर वीस रुंद, बुचाला तीन सेंटिमीटर जागा. जवळजवळ ११ हजार बुचं लागतील! बूच दोन ग्रॅमचं, म्हणजे साडी बावीस किलोची. आठ वर्षांचं मूल अंगावर घेऊन फिरल्यासारखं. दोनशे मिलिलिटरच्या तेवढ्या बाटल्या रिकाम्या करायच्या तर २,२०० लिटर पेय. बाटली वीस रुपयांना धरली तरी दोन लाख वीस हजार रुपये. या पैशात येवल्याची अस्सल जरीची पैठणी घरी येते.

आणि डबे! जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेले, मुंबईकर झालेले बोस कृष्णमाचारी यांनी ‘घोस्ट / ट्रान्समेमॉयर’ या कामात वापरलेले जेवणाचे १०८ डबे टांगले. प्रत्येकात एक छोटा पडदा, त्यावर बोलणारी मुंबईची माणसं. जपमाळेतले मणी जितके, तितके डबे.

पण १०८ डबे आपल्या डबेवाल्यांना म्हणजे तीन-चार माणसांचं काम. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेला हा व्यवसाय कोविडच्या आधी साधारण पाच हजार डबेवाल्यांच्या खांद्यावर रोज दोन लाख डबे पोहोचवत होता. एक डबा पाव मीटर उंच. दोन लाख डबे एकावर एक ठेवा. पन्नास किलोमीटर! साडेपाच एव्हरेस्ट, एका दुपारच्या जेवणाचे. आडवे मांडले तर सीएसएमटीपासून थेट कल्याणच्या अलीकडे. रोज नवे डबे लावत जाऊ. तिसऱ्या दिवशी पुणे गाठलं. आता तोंड वायव्येला वळवा. मुंबई ते अल खफजी, अरबी समुद्र आणि आखात ओलांडून, सरळ रेषेत सुमारे २,७०० किलोमीटर. भागा पन्नासने. चोपन्न दिवस. रविवारची सुट्टी वगळली तर बरोबर नऊ आठवड्यांत शेवटचा डबा खफजीच्या वाळूत टेकतो!

तेच अंतर फितीने जोडायचं तर साडेएकतीस हजार कॅसेटी लागतील. वजन सव्वा टन. मुंबई ते खफजी हे सगळं अंतर दोन ‘छोटा हत्ती’ टेम्पोंत भरून नेता येतं.

तेव्हा माळ्यावरून काढलेली ती कॅसेट भंगारात देऊ नका. बटाटावड्याएवढ्या जागेत तिने शहाऐंशी मीटर सांभाळून ठेवले आहेत.