स्वस्त वेप किती दिवस चालतो?

कोणताही माल हातात आला की व्यापारी दोन गोष्टी विचारतो. केवढ्याला, आणि किती दिवस चालणार? वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगारेट, या जिनसेच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर पोरांना तोंडपाठ असते. दुसऱ्याचे उत्तर विकणाराही नीट देत नाही. रत्नागिरी-रायगडकडील कितीतरी घरांतली माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत, काही ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. तिकडे बऱ्याच ठिकाणी हा माल दुकानात उघड मिळतो. भारतात मात्र २०१९ च्या कायद्याने त्याचा धंदा पूर्ण बंद आहे, तरी “यात मार्जिन चांगले आहे” असे सांगणारे लोक बाजारात फिरत असतात. म्हणून या मालाची उमर किती आणि का, याचा हिशेब मांडणे जरूर वाटते.

आजच्या रूपातले हे यंत्र होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास तयार केले. आज जगातला बहुतेक माल चीनच्या शेनझेन शहरातून, त्यातही बाओआन भागातून येतो. तो स्वस्त पडण्याचे कारण साधे आहे. मोबाइलचे सुटे भाग, लहान बॅटऱ्या आणि प्लास्टिकचे साचे हे सारे त्याच शहरात तयार मिळते. भिवंडीत जसे सूत, माग आणि सायझिंग एकाच गावात, तसेच हे. गंमत अशी की, चीनने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशात फळांच्या व मिठाईच्या स्वादाचे वेप विकण्यास बंदी केली. निर्यात मात्र चालूच राहिली.

यंत्र उघडले तर आत फारसे काही नसते. एक बॅटरी, तारेची एक लहान कॉइल, कॉइलला चिकटून कापसाची वात, द्रव भरलेली कुपी (तिला पॉड म्हणतात) आणि झुरका ओढताच वीज सुरू करणारा एक नाजूक सेन्सर. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटिन असते. कॉइल तापते, वातीतला द्रव वाफ होतो. प्रत्येक भागाची उमर वेगळी असते, आणि सर्वांत आधी दम तोडते ती वात.

वातीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण हा आमच्या ओळखीचा माल आहे. कच्चा कापूस पाणी पीत नाही. त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. कोऱ्या ग्रे कापडावर पाण्याचा थेंब टाका, तो मोत्यासारखा वर बसून राहील. प्रोसेस हाऊसमध्ये स्कावरिंग होऊन मेण निघाले की तोच थेंब क्षणात जिरतो. वेपच्या वातीला असा मेण काढलेला, स्वच्छ, सारखा पिंजलेला कापूस लागतो. तो हलका असेल किंवा कॉइलमध्ये कमी-जास्त ठासला असेल तर एका जागी द्रव पोहोचतो, दुसऱ्या जागी पोहोचत नाही. जिथे पोहोचत नाही तिथे कापूस कोरडा पडतो. कॉइल २०० अंशांच्या वर सहज जाते, आणि त्या उष्णतेला कोरडा कापूस करपणारच. द्रव ओला असतो तोवरच वात वाचते. एकदा करपली की तो जळका वास पुढच्या प्रत्येक झुरक्यात येतो. त्यावर इलाज नाही, पॉड बदलावाच लागतो.

रोजच्या वापरात साधारण दर्जाची कॉइल एक ते दोन आठवडे चालते. गोड स्वादाच्या द्रवात ती चार-पाच दिवसांतही जाते. द्रवात घातलेला गोडवा वाफ होऊन उडत नाही, तारेवर काळ्या पाकासारखा जमतो. तव्यावर साखर सांडली तर काय होते हे घरातल्या कोणत्याही बाईला विचारा. नवा पॉड भरल्याबरोबर ओढायला सुरुवात करणे हेही कॉइल मरण्याचे मोठे कारण. द्रव वातीत पूर्ण मुरायला दहा मिनिटे द्यावी लागतात. एकामागून एक झुरके घेणाऱ्याची कॉइल इतरांपेक्षा लवकर जाते, कारण वातीला पुन्हा भिजायला फुरसत मिळत नाही. कुपी पाव भरलेली असतानाच पुन्हा भरावी, पूर्ण रिकामी होऊ देऊ नये.

आता बॅटरी. लिथियमची लहान बॅटरी ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद साधारण ८० टक्क्यांवर येते, हा ढोबळ नियम मोबाइललाही लागू आहे. समजा यंत्रात ८०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि ते १२ वॉटवर चालते. तीन सेकंदांचा एक झुरका धरला तर एका चार्जमध्ये सुमारे २५० झुरके मिळतील. दिवसाला तेवढेच ओढणाऱ्या माणसाचा रोज एक चार्ज झाला. म्हणजे बॅटरी वर्ष ते सव्वा वर्ष बऱ्यापैकी साथ देईल. तेच यंत्र थोडे स्वस्त करण्यासाठी कारखान्याने ४०० ची बॅटरी टाकली की रोज दोन चार्ज लागतात, आणि तेच ३०० ते ५०० चार्ज पाच-आठ महिन्यांत संपतात. बॅटरी निम्मी, उमरही निम्मी. स्वस्त मालातली खरी काटछाट इथे असते आणि ती बाहेरून दिसत नाही. खोक्यावर बारीक अक्षरांत आकडा असतो, तो वाचावा.

बॅटरीआधी सेन्सर किंवा चार्जिंगचे तोंड बिघडण्याचे प्रकारही पुष्कळ आहेत. वाफेचा ओलावा खाली उतरून सेन्सरवर बसतो. मग यंत्र ओढूनही चालत नाही, किंवा आपोआप चालू राहते. दुसरा प्रकार धोक्याचा आहे. असे यंत्र दुरुस्त करीत बसू नये.

एकदा वापरून फेकायच्या वेपचा हिशेब वेगळा. खोक्यावर “६०० झुरके” असे छापलेले असते. आत २ मिलिलिटर द्रव, कारण ब्रिटन आणि युरोपीय संघात कुपीची कमाल मर्यादा तेवढीच आहे, आणि निकोटिन मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम. हे ६०० झुरके पुष्कळदा सेकंद-दीड सेकंदाचे धरलेले असतात. माणूस, विशेषतः जो सिगारेट सोडून इकडे वळला आहे तो, तीन-चार सेकंद ओढतो. म्हणजे हातात पडतात ३०० ते ४०० झुरके, आणि दिवसाला २०० ओढणाऱ्याला यंत्र पुरते दीड ते दोन दिवस. ताक्यावर १०० मीटर छापायचे आणि माप ताणून घ्यायचे, तसलाच हा प्रकार म्हणावा लागेल. मोठे आकडे छापलेल्या मालाचीही गत वेगळी नाही. झुरका किती सेकंदांचा धरला हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

मग स्वस्त काय पडते? ब्रिटनमधला एक ढोबळ हिशेब घेऊ. पुन्हा चार्ज होणारे साधे यंत्र १२ पौंडांना धरा. दहा दिवसांना एक पॉड, तो ३ पौंडांचा, तर वर्षाला १०० पौंडांच्या वर. आठवड्याला १० मिलिलिटरची एक बाटली साडेतीन पौंडांची धरली तर वर्षाला १८० पौंड. एकूण ३०० च्या आसपास, आणि त्यात यंत्राचे फक्त १२. याचा अर्थ धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. यंत्र जवळजवळ मुद्दलात विकायचे आणि नफा पॉड व बाटलीवर काढायचा. शाईवाल्या प्रिंटरचा धंदा असाच चालतो. म्हणून यंत्र घेताना त्याचा पॉड केवढ्याला आणि पुढच्या वर्षी मिळेल की नाही, हे आधी विचारले पाहिजे. अनोळखी छापाच्या यंत्राचे पॉड सहा महिन्यांत बाजारातून नाहीसे झाले तर चांगली बॅटरी असूनही ते भंगारच.

फेकायच्या वेपवर ब्रिटनने १ जून २०२५ पासून विक्रीबंदी घातली. मटेरियल फोकस या तिथल्या संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये आठवड्याला जवळजवळ ५० लाख असे वेप फेकले जात होते, आणि कचऱ्याच्या गाड्यांत त्यांच्या बॅटऱ्या चेंगरून आगी लागत होत्या. त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी या फेकलेल्या यंत्रांतल्या बॅटऱ्या काढून तपासल्या, तेव्हा त्या शेकडो वेळा चार्ज होऊ शकतात असे आढळले. दोन दिवसांच्या मालात दीड वर्षाची बॅटरी! इतकी उधळपट्टी मी दुसऱ्या कोणत्याही धंद्यात पाहिली नाही. बंदीनंतर त्याच आकाराचे, चार्जिंगचे तोंड आणि बदलता येणारा पॉड असलेले यंत्र साधारण जुन्याच किमतीत आले. ते लोक चार्ज करून वापरतील की सवयीप्रमाणे फेकतील, यावर त्या कायद्याचा उपयोग ठरणार आहे.

यंत्र जास्त दिवस ताणून वापरण्यातही एक मेख आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२५ मध्ये फेकायच्या काही वेपची तपासणी प्रसिद्ध केली. वाफेत शिसे, निकेल, क्रोमियम असे धातू सापडले, आणि झुरक्यांची संख्या वाढत गेली तसे प्रमाण वाढत गेले. एका यंत्रात तर शिसे मिसळलेल्या मिश्रधातूचे भाग थेट द्रवात बुडालेले होते. बाहेरचा खोका चकचकीत होता, आतला धातू कोणी तपासला होता? निकोटिनची सवय तर या सगळ्यात वेगळी राहिलीच. ब्रिटनच्या सरकारने २०२३ मध्ये सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांना वेप देण्याची योजना जाहीर केली होती, ती सिगारेट ओढणाऱ्यांसाठी. कधीच न ओढणाऱ्या पोरासाठी नव्हे.

आपल्याकडे चोरून येणाऱ्या मालाला वरचा कोणताही हिशेब लागू पडत नाही. बिल नाही, बदलून मिळण्याची हमी नाही, पॉडमध्ये काय भरले हे विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. मोबाइल ॲक्सेसरीजच्या किंवा पान-सुपारीच्या दुकानदारांना “चार डबे ठेवून पाहा” असे सांगितले जाते. २०१९ च्या कायद्यात उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक आणि जाहिरात यांसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड आहे. नुसता साठा ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चार डब्यांवरचे मार्जिन आणि हे आकडे दुकानदाराने शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

आखातातल्या बंधूंसाठी दोन व्यवहारी गोष्टी. अमिरातीत २०१९ मध्ये विक्रीला परवानगी मिळाली आणि त्यानंतर यंत्र व द्रव दोन्हींवर १०० टक्के अबकारी कर बसला, तेव्हा तिथे फारच स्वस्त मिळणारा माल कर चुकवलेला किंवा नकली असण्याचा संभव मोठा. तिथल्या उन्हाळ्यात बंद गाडीत यंत्र ठेवू नये. डॅशबोर्डवरच्या उष्णतेत बॅटरीची उमर झपाट्याने घटते आणि द्रव पातळ होऊन गळतो. सुट्टीवर गावी येताना कोणासाठी “एक-दोन” आणायची विनंती आली तर नकार द्यावा, कारण इकडे आयात बंद आहे. सिंगापूरमार्गे प्रवास करणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावे. तिथे २०१८ पासून वेप नुसता जवळ बाळगणेही गुन्हा आहे.