मेंढीकोट: दश्शी सांभाळायचा खेळ

मेंढीकोटात एक्का हात मिळवून देतो, पण डाव ठरतो दश्शीवर. चार रंगांच्या चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीकडे तीन गेल्या, तिचा डाव. दश्शीच्या वर गुलाम, राणी, राजा, एक्का बसलेले, त्यामुळे ती स्वतःच्या बळावर क्वचितच सुटते. तिला सोडवायला समोरचा भिडू लागतो. घरात खेळायच्या पत्त्यांच्या खेळांत मी मेंढीकोटाला पहिला मान देतो तो यासाठीच.

समोरासमोरचे दोघे एक जोडी. 52 पानं पिसून प्रत्येकाला 13 वाटायची. वाटणाऱ्याच्या उजवीकडचा पहिली उतारी करतो. उतरलेल्या रंगाचं पान असेल तर तेच द्यावं लागतं, आणि सर्वांत मोठं पान हात नेतं. कट हुकमात ज्याचा रंग पहिल्यांदा संपतो, त्यानं टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. बंद हुकमात एक पान आधीच पालथं ठेवलेलं असतं. अडलेला खेळाडू ते उघडायला सांगतो.

आता समजा, तुमच्याकडे बदामाची दश्शी आणि दोन बारकी पानं आहेत. भिडूनं बदामाचा एक्का उतरला आणि अजून कोणी कापायच्या बेतात नसेल, तर दश्शी लगेच द्या. एक्का समोरच्यांचा असेल तर बारकं पान द्या आणि थांबा. पण फार थांबूही नका. एका रंगाची पानं 13, खेळणारे चार. पहिल्या दोन फेऱ्यांत आठ पानं जातात. तिसऱ्या फेरीलाही चौघांकडे तो रंग उरलाय, असं दहा डावांत जेमतेम एकदा घडतं. एरवी कोणीतरी हुकूम मारतोच. शेवटचं पान तुमचं असेल आणि हात भिडूचा होत असेल, तर मात्र दश्शीला कसलीच भीती नाही.

खाणाखुणा करायच्या नाहीत, त्यामुळे बोलतात ती फक्त पानं. आजीनं सुरुवातीलाच किलवरची दुर्री उतरली, तर तिला किलवर संपवून हुकमाला मोकळं व्हायचं असेल, हे नातवानं ओळखायचं. मुलं गप्प राहून माणूस वाचायला शिकतात ती अशी. कोकणात गणपतीच्या जागरणाला सहा जण जमले तरी कोणाला उठवावं लागत नाही: चारही दुर्र्या काढल्या की उरलेली 48 पानं आठ-आठ वाटून तिघे विरुद्ध तिघे बसतात. लिंबूटिंबूला एखाद्या मोठ्या माणसाशेजारी बसवून पानं लावायला द्यावीत.

मेंढ्या दोन-दोन झाल्या, तर सात किंवा जास्त हात करणारी जोडी जिंकते. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या की कोट, आणि तेराही हात एकाच जोडीचे झाले की बावन्नी. पिसायचं काम पुन्हा हरलेल्यांकडे.